तेलाचा डबा किती दिवस पुरतो?

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, आधी एक सांगते, आईवर चिडू नका. रविवारचं तिनं आपणहून सांगितलं नाही, मी खोदून खोदून विचारलं. जेवायच्या आधी तुम्हाला दरदरून घाम, हातांना थरथर, आणि तिनं चमचाभर साखर तुमच्या तोंडात घातल्यावर दहा-पंधरा मिनिटांत हुशारी. हे पित्त नव्हे. शुगरच्या गोळ्या पूर्वीइतक्याच आणि जेवण निम्म्यावर, मग साखर खाली जाणारच. उद्याच आईला बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जा आणि किती खाता ते खरं खरं सांगा. गोळी आपल्या मनानं बंद करू नका, पण जेवण आजपासूनच पहिल्यासारखं करा.

चूक माझी आहे. गणपतीत ते अ‍ॅप तुमच्या फोनवर मीच घातलं. 'आठवड्याला किती वजन कमी करायचं?' असं त्यानं विचारलं, आरतीला उशीर होत होता, मी 'एक किलो' दाबून मोकळी झाले. त्यानं दिवसाला १२०० कॅलरी ठरवून दिल्या. बैठं काम करणाऱ्या ६५ किलोच्या पुरुषाला हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था २११० धरते. तुमच्या वयाला त्याहून कमी लागतील, पण इतक्या कमी नाहीत. दुसरा कुणी असता तर चार दिवसांत कंटाळला असता. पण रोजकीर्दीत पाच पैशांचा फरक आला तर रात्री आठपर्यंत बँकेत बसणारा माणूस तो! तुम्ही आईच्या पोळ्या वजनकाट्यावर ठेवल्या. आई, तुला ते किती लागलं असेल, मला कळतं.

बाबा, हा हिशेब पैशासारखा चोख नसतोच. पिठूळ पदार्थ आणि प्रथिनं ग्रॅमला ४, चरबी ग्रॅमला ९, हे आकडे अ‍ॅटवॉटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काढले, आणि ते सरासरीचे आहेत. बदामांचंच घ्या. मूठभर अख्ख्या बदामांच्या या हिशेबानं १७० कॅलरी होतात, पण प्रत्यक्ष मोजल्या तेव्हा अंगी लागल्या त्या १३० च्या आसपास. मग पोळी ३८ ग्रॅमची की ४१ ची, यावरून घरात अबोला कशाला? आणि ज्याचा आकडा मोठा ते वाईट, असंही नाही. तुम्ही मटकीची उसळ आणि दूध सोडून चहाबरोबर मारी बिस्किटं धरलीत, का तर आकडा लहान. अडीच महिन्यांत सात किलो उतरले, त्यात नुसती चरबी नाही, स्नायूही गेलेत. सत्तरीत गेलेला स्नायू सहजासहजी परत येत नाही. जिना चढताना कठड्याला धरता, ते मी दिवाळीत पाहिलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं. वजन उतरलं म्हणून सगळे कौतुक करत होते, मीही केलं.

मोजूच नका असं मी म्हणत नाही. मोजायचंच तर ताट नका मोजू, डबा मोजा. आई म्हणाली, पाच लिटरचा तेलाचा डबा ३५ दिवस पुरतो. लिटरचं वजन साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे डब्यात ४५५० ग्रॅम. दोघांत वाटलं की माणशी रोज ६५ ग्रॅम, गुणिले ९, म्हणजे ५८५ कॅलरी! पाच-सहा पोळ्यांइतक्या, नि ताटात दिसतही नाहीत. थोडं तेल पाहुण्यांच्या भज्यांत आणि देवाच्या दिव्यात गेलं असेल, ते वजा करा. तोच डबा ५० दिवस पुरवला तर माणशी रोज पावणेदोनशे कमी. कुणाची पोळी मोडायची गरज नाही. आई, फोडणीला पळी न घेता चमचा घे, एवढंच. आणि चतुर्थीला बाबांच्या वहीत 'उपास, निरंक' असं लिहिलेलं मी वाचलंय. साबुदाणा, दाणे आणि तूप मिळून वाडगाभर खिचडी सहाशेच्या घरात जाते. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही.

शनिवारी सकाळच्या एसटीनं साताऱ्याला येते. बाबा, वही दाखवा, मला ती खरंच बघायची आहे. अ‍ॅपमधला तो आकडा आपण डॉक्टरांना विचारून बदलू, नाहीतर काढूनच टाकू. येताना कंदी पेढे आणू नका म्हणाल, तर मी आणणारच नाहीये, ते साताऱ्यातच मिळतात. तुम्हीच आणून ठेवा, माझ्यापुरते.

तुमची,
मनू

ता. क. आई, वजनकाटा रागानं माळ्यावर टाकलास म्हणे. खाली काढून ठेव, मला केकसाठी हवाय.