सगळ्या जागांवर खेळणाऱ्या पोराबद्दल

ह्यूस्टन, टेक्सास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

इथली कॉलेजं शाळेतून अमेरिकन फुटबॉलची पोरं कशी हेरतात, हे तू फोनवर विचारलंस. फोनवर सांगून संपणारं ते प्रकरण नव्हे, म्हणून बैजवार लिहितो. शाळेच्या संघाचे व्हिडिओ कापायचं काम मी करतो हे तुला ठाऊकच आहे. सध्या अकरावीतल्या एका पोराचा व्हिडिओ हाताशी आहे आणि डोक्यात दुसरं काहीच नाही.

पोरगा बचावात खेळतो. या फुटबॉलमध्ये चेंडूवाल्या संघाला चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं आणि समोरच्या अकरा जणांनी त्यांना थोपवायचं. थोपवणाऱ्यांच्या ढोबळ तीन फळ्या. पुढे धिप्पाड लाइनमन, त्यांच्या पाठी लाइनबॅकर, कडेला आणि सगळ्यात मागे कॉर्नर व सेफ्टी. आमचा पोरगा मुळात सेफ्टी. संघातला कॉर्नर जखमी झाला तेव्हा त्याने ती जागा सांभाळली, आणि चेंडू घेऊन सरळ घुसणाऱ्या संघांपुढे कोचनी त्याला लाइनबॅकर म्हणून उभं केलं. तिन्हीकडे चालला. रिक्रूटिंगच्या साइटवर अशा पोरांपुढे जागा न लिहिता नुसतं ‘ॲथलीट’ लिहितात. घरचे खूश आहेत. मी मात्र काळजीत आहे.

अशा पोरांना मागणी का, ते आधी सांगतो. हल्लीचे संघ मैदानभर पसरून आणि भराभर खेळतात. एक डाव संपला की खेळाडू न बदलता लगेच पुढचा. त्यांनी बदल केला नाही, तर बचावालाही माणसं बदलायला उसंत मिळत नाही. मग मैदानावर जे अकरा आहेत त्यांनीच धावणाराही अडवायचा आणि लांबचा पासही. दोन्ही जमणारा एक जण असला की कोचचा जीव भांड्यात पडतो. फोर्ट वर्थच्या टीसीयू विद्यापीठात कोच गॅरी पॅटरसन यांनी पाच जण मागे ठेवणारा चार-दोन-पाचचा बचाव वर्षानुवर्षं चालवला, तो याच हिशेबाने. शाळेतल्या पोराला दुसऱ्याच जागी बघायची नजरही त्यांच्याकडे होती. आमच्या जवळच्या शुगर लँडमधल्या शाळेत जेरी ह्यूज चेंडू घेऊन धावणारा होता. पॅटरसन यांच्याकडे तो बचावाच्या कडेला गेला, 2009 चा टेड हेंड्रिक्स पुरस्कार (कडेच्या सर्वोत्तम बचावपटूचा) मिळवला आणि 2010 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या खेळाडू-निवडीत, पहिल्याच फेरीत निवडला गेला.

आता काळजीचं. आयझाया सिमन्स हा कॅन्ससमधल्या शाळेतून आलेला, रिक्रूटिंगच्या साइटवर पाचपैकी जेमतेम तीन तारे मिळालेला पोरगा. क्लेमसन विद्यापीठात तो सेफ्टी, लाइनबॅकर, मधला कॉर्नर, सगळं खेळला. सर्वोत्तम लाइनबॅकरचा 2019 चा बटकस पुरस्कार त्याचा. सहा फूट चार इंच उंच, आणि चाळीस यार्ड 4.39 सेकंदांत! 2020 च्या ड्राफ्टमध्ये ॲरिझोनाच्या व्यावसायिक संघाने त्याला आठव्या क्रमांकावर घेतलं, पण त्याची नेमकी जागा काही ठरेना. 2023 मध्ये ड्राफ्टच्या सातव्या, म्हणजे शेवटच्या, फेरीतल्या एका निवडीच्या हक्काच्या बदल्यात त्यांनी त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. उलट मिंका फिट्झपॅट्रिक बघ. अलाबामात तोही चौफेर खेळायचा. मायामीच्या व्यावसायिक संघात त्याला जागोजागी फिरवू लागले, ते त्याला रुचलं नाही. 2019 मध्ये पिट्सबर्गने त्याला घेऊन मागच्या सेफ्टीच्या जागी पक्कं बसवलं आणि त्याच वर्षी तो ऑल-प्रो, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तमांपैकी एक, ठरला. माझं ठाम मत झालंय की चौफेर पोराला आधी एक घर हवं. तिथे तो भक्कम असला, तर बाकीच्या जागा त्याच्या जमेच्या बाजू. घरच नसेल, तर प्रत्येक जागी तो दुसऱ्या नंबरचा.

तू कबड्डीचा कोच, हे तुला वेगळं सांगायला नको. डाव्या कोपऱ्यावरही उभा राहू शकणारा कव्हर तू निवडतोस, तेव्हा तो किती जागांवर उभा राहतो हे मोजत नाहीस. चढाईपटू बोनससाठी पाय टाकतो त्या क्षणी पोराचे पाय कुठे आहेत, ते बघतोस. मी व्हिडिओत तेच शोधतो. चेंडू मागे देऊन डाव सुरू व्हायच्या आधीचं एक सेकंद. पोराला पास येणार की धाव येणार हे कळलंय का? मागे सरकताना कंबर फिरवून पळायला लागतो तेव्हा एखादं पाऊल वाया जातं का? मोकळ्या जागेत चपळ गडी समोर आला तर डोकं बाजूला ठेवून खांद्याने धरतो की नुसता झेपावतो? आणि चेंडू मैदानाच्या त्या टोकाला असताना हा धावतोय की कमरेवर हात ठेवून उभा आहे? मोठमोठ्या टकरांचे तुकडे जोडून कुणीही झकास व्हिडिओ करील. बघणारा अनुभवी कोच पूर्ण सामना मागवतो तो या शेवटच्या प्रश्नासाठी. आमचा पोरगा धावतो रे. दर वेळी धावतो. संघ तीस गुणांनी मागे असतानाही धावत होता, आणि ते बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं.

वेळ मात्र पूर्वीसारखी नाही. खेळाडूंना कॉलेज बदलणं सोपं झाल्यापासून कोच शाळकरी पोरापेक्षा दोन-तीन वर्षं मुरलेला गडी घ्यायला बघतात. सर्वोच्च पातळीवर संघामागे 85 शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्यावर बिनशिष्यवृत्तीची पोरंही संघात असायची. आता तिथे बहुतेक ठिकाणी, शिष्यवृत्ती असो वा नसो, एकूण 105 जणांच्या संघाची मर्यादा आली आहे. जागा कमी, रांग मोठी. शिवाय 16 ठरावीक विषय आणि त्यांत चारपैकी निदान 2.3 ची सरासरी नसेल, तर कॉलेज-खेळाच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये पोर कितीही चांगलं असो, पहिल्या वर्षी मैदानावर पाऊल ठेवता येत नाही. त्याच्या आईशी मी जास्त बोललो ते गणिताच्या मार्कांवरच.

एप्रिलच्या मध्यापासून मे महिन्यात कॉलेजचे कोच शाळाशाळांतून फिरतात. त्याआधी व्हिडिओ तयार हवा. आमच्या कोचना मी सुचवलं की जागेच्या रकान्यात ‘सेफ्टी’ एवढंच लिहा, पहिले पंधरा तुकडे सेफ्टीचेच ठेवा, आणि कॉर्नर-लाइनबॅकरचे नंतर येऊ द्या. त्यांना पटलंय. वडिलांना अजून पटलेलं नाही. तिन्ही जागा लिहिल्या तर तिप्पट दारं उघडतील असं त्यांना वाटतं. रविवारी त्यांच्याकडे जाऊन सिमन्स आणि फिट्झपॅट्रिक दोघांचे व्हिडिओ शेजारी शेजारी लावून दाखवणार आहे.

तुझ्याकडून एक काम हवंय. तुझ्या पोरांचा सराव चालू असतो तेव्हा कव्हरची पकड घेतानाचा, फक्त पाय दिसतील असा, व्हिडिओ काढून पाठव. या पोराचं डावं पाऊल पकडीच्या वेळी किंचित मागे राहतं, आणि तू शिकवतोस तसं पाऊल टाकून बघायला तो तयार आहे.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आठवण सांग.

तुझाच,
जुना जोडीदार