न पाहिलेले घर ‘पाहिले’ असे का छापले?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीत साताऱ्याच्या विद्यार्थ्यांच्या लंडन सहलीचा वृत्तान्त वाचला. फोटो छान आहेत. मुलांचे हसरे चेहरे पाहून बरे वाटले. पण ‘सायंकाळी विद्यार्थ्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लंडनमधील निवासस्थानी जाऊन अभिवादन केले’ हे वाक्य खोटे आहे. त्या बसमध्ये माझी नात होती. ती त्या घरापर्यंत पोचलेली नाही आणि तिच्याबरोबरचे एकही मूल पोचलेले नाही.

शाळेचे नाव मी लिहीत नाही, तुम्ही ते छापलेच आहे. सहलीच्या छापील कार्यक्रमात ‘आंबेडकर हाऊस’ स्पष्ट लिहिले होते. आमच्या घरी मुलीला पाठवायचे ठरले ते त्या एका ओळीमुळे. मी एकतीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. लंडनमध्ये एकाच दिवसाचे दर्शन आहे, त्यात काय काय मावणार, हे मलाही कळते. पण 10, किंग हेन्रीज रोड हा पत्ता मी वर्गात वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला आहे आणि मी स्वतः तिथे कधी जाऊ शकलेले नाही. नात जाणार म्हटल्यावर मी तिच्या वहीचे एक पान आखून दिले. त्या घराच्या भिंतीवर बाबासाहेब 1921-22 मध्ये तिथे राहत होते असे सांगणारी पाटी आहे. तिच्यावरची अक्षरे स्वतःच्या हाताने उतरवून आण, फोटो नको, एवढेच सांगितले होते. ते पान कोरे परत आले.

परत आल्यावर मी शाळेत विचारायला गेले. ‘वेळेअभावी’ हे एका शब्दाचे उत्तर मिळाले. वेळ कुठे गेला ते नातीच्या वहीत घड्याळ लावून लिहिलेले आहे. सकाळी बकिंगहॅम राजवाड्यापुढे पहारा बदलताना पाहिला, तो पाहायलाच हवा. मग लंडन आयच्या रांगेत सव्वा तास आणि वर फिरायला अर्धा तास. 135 मीटर उंचीवरून सगळे शहर दिसते, मुलांना आनंद झाला, त्याबद्दलही माझी तक्रार नाही. पुढे हॅरॉड्स या दुकानात दीड तास. मुलांकडे तिथले काही विकत घेण्याएवढे पैसे नव्हते. नंतर मादाम तुसाँच्या मेणाच्या पुतळ्यांजवळ अडीच तास.

ज्यांनी हा कार्यक्रम आखला त्यांनी नकाशा उघडून पाहिला असता तरी पुरे होते. मेणाचे पुतळे रीजंट्स पार्कच्या दक्षिणेच्या अंगाला आहेत. पार्कच्या उत्तरेला प्रिमरोझ हिल आणि तिथून जवळच किंग हेन्रीज रोड. म्हणजे मुले बागेच्या एका बाजूला अडीच तास होती आणि बाबासाहेबांचे घर बागेच्या पलीकडे होते. मला शाळेत असेही सांगण्यात आले की मोठी बस त्या रस्त्यावर उभी करता येत नाही. नसेल येत. मुले चालली असती. ही साताऱ्याची मुले आहेत, अजिंक्यतारा चढून जातात. अंधाराचेही कारण नाही, मे महिन्यात लंडनला रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो. खरे कारण नातीने सांगितले. साडेसातला हॉटेलवर भारतीय जेवण सांगून ठेवले होते आणि ते चुकवायचे नव्हते. बस फिंचली रोडने निघाली तेव्हा सहलीबरोबरच्या व्यवस्थापकांनी माइकवरून सांगितले, ‘‘आंबेडकर हाऊस इथून जवळच आहे, उजवीकडे.’’ मुलांनी उजवीकडे माना वळवल्या. तिकडे दुसरीच घरे होती. नातीने हात वर करून विचारले, ‘‘सर, आपण उतरणार ना?’’ तिला खाली बसायला सांगण्यात आले.

तुमच्या वृत्तान्तातले ‘अभिवादन’ ते हे.

त्या रात्री तिचा फोन आला. ती रडली नाही, पण ‘‘आजी, मी पाटी नाही आणू शकले,’’ असे तिने दोनदा म्हटले. चौदा वर्षांच्या मुलीला आपलेच काही चुकले असे वाटावे, याचा मला फार राग आला आहे आणि तो अजून गेलेला नाही.

बाबासाहेब 1916 साली लंडनला शिकायला गेले आणि बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये त्यांना अर्ध्यावर परतावे लागले. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, तेव्हा 1920 मध्ये ते परत जाऊ शकले. त्यानंतरच्या दिवसांतले हे घर आहे. इथून ते ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात जाऊन बसत. 2015 साली महाराष्ट्र सरकारने, म्हणजे आपण सगळ्यांनी, ते विकत घेतले. आणि बाबासाहेब आपल्या साताऱ्याचे विद्यार्थी. 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांचे नाव इथल्या शाळेच्या पटावर चढले, म्हणून आपण त्या तारखेला विद्यार्थी दिन पाळतो. तुम्हीही दरवर्षी त्या दिवशी लेख छापता. साताऱ्याच्या मुलांसाठी त्या शहरात याच्यापेक्षा जवळची जागा कोणती होती?

एक होती, तीही राहिली. 2024 च्या जुलैमध्ये वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा मी आणि नात रांगेत उभ्या होतो. ती लंडनच्या ज्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून आली, ते हॅरॉड्सपासून चालत दहा मिनिटांवर आहे. तिथे प्रवेशाला पैसे पडत नाहीत. ब्रिटिश म्युझियमलाही नाहीत. जिथे तिकीट होते तिथे मुलांना तासन् तास मिळाले आणि जिथे फुकट होते तिथे कुणी नेलेच नाही. आईबापांनी माणशी पावणेतीन लाख भरले आहेत. काहींनी पतपेढीतून कर्ज काढून भरले आहेत.

आम्ही एस.टी.ने सहली काढत होतो. एका वर्षी महाडला चवदार तळ्यावर पोचायला उशीर झाला आणि पुढे रायगड होता. तेव्हाच्या आमच्या मुख्याध्यापकांनी रायगडाचा एक टप्पा कमी केला, पण तळ्याच्या पायरीवर मुलांना अर्धा तास बसवले. कुणी भाषण केले नाही. एका मुलाने वाकून ओंजळीत पाणी घेतले, मग एकेकाने सगळ्यांनी घेतले. त्यातली मुले आज पन्नाशीला आली आहेत. बाजारात भेटली की रायगडाचे बोलत नाहीत, त्या पाण्याचे बोलतात.

संपादक महोदय, शाळेने पाठवलेला मजकूर तुम्ही जसाच्या तसा छापला असणार, हे मी समजू शकते. बस परत आल्यावर एका मुलाला जरी विचारले असते तरी खरे कळले असते. माझी विनंती आहे की येत्या रविवारी, त्याच पानावर आणि तेवढ्याच ठळक अक्षरांत, मुले त्या घरी गेली नव्हती असे छापावे. ती मुले तुमचा अंक वाचतात. काल नातीने तो वाचला आणि मला विचारले, ‘‘आपण गेलोच नव्हतो, मग पेपरात कसं आलं?’’ तिला काय सांगायचे?

आणि पहिल्या फोटोखाली ‘बिग बेन मनोरा’ लिहिले आहे, तेही दुरुस्त करावे. बिग बेन ही आतली मोठी घंटा. मनोऱ्याचे नाव 2012 पासून एलिझाबेथ टॉवर आहे. नातीच्या वहीत ते बरोबर लिहिलेले आहे.

आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका, सातारा