बाजू नसलेल्या सिनेमासाठी एक गाऱ्हाणं

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

वेंगुर्ल्याहून लिहितो आहे. मागे आम्ही चारपाच जणांनी एका सभागृहात मार्टिन स्कॉर्सेसींचा 'सायलेन्स' (2016) दाखवायचं ठरवलं. अर्ज घेणाऱ्यानं विचारलं, "ह्येच्यात बाजू कोणाची?" कोणाचीच नाही म्हटल्यावर अर्ज जो बाजूला सरकला तो सरकलाच.

त्याचंही चूक म्हणता येत नाही. धर्मछळावरचा सिनेमा आला की मागण्या दोनच ठरलेल्या: करमुक्त करा, नाहीतर बंदी घाला. (करमणूक कर 2017 सालीच जीएसटीत गेला, मागणी तेवढी जात नाही.)

या सिनेमात सतराव्या शतकातला जपान आहे. ख्रिस्ती धर्मावर बंदी. संशयितापुढे येशूची किंवा मारियेची प्रतिमा ठेवायची आणि सांगायचं, हिच्यावर पाय दे, सुटशील. काहीजण पाय देत नाहीत, मरतात. सिनेमा त्यांना मान देतो, पण रेंगाळतो पाय देणाऱ्यांपाशी. त्यात एक किचिजिरो आहे. तो पुन्हा पुन्हा पाय देतो आणि पुन्हा पुन्हा रडत पाद्र्याकडे पापाची कबुली द्यायला येतो. आधी त्याचा राग येतो, मग हसू येतं, आणि नंतर कधीतरी तो आपल्याच वाडीतला वाटू लागतो.

हा धर्म जपानला गेला तो आमच्या शेजारून. ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर 1549 साली गोव्याहून निघून कागोशिमाला उतरले. त्याआधी त्यांनीच पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह हुडकून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, मागितलं होतं. ते आलं त्यांच्या मृत्यूनंतर, 1560 साली, आणि उठलं 1812 साली. जपानमध्ये ज्यांनी सोसलं, त्यांच्याच धर्मबंधूंनी इकडे दुसऱ्यांना सोसायला लावलं.

पोर्तुगीजांच्या धाकानं देव मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला कसा गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला कशी आली, हे आमच्याकडे घरोघरी सांगतात. मागे राहिलेल्यांचं कोणी सांगत नाही. समजा, एक भाऊ देव घेऊन होडीत बसला आणि दुसरा भातशेतीच्या मायेनं थांबला, नाव बदलून जगला. त्या रात्री कोणाचा विश्वास डळमळला होता? जाणाऱ्याचाही असेल. असा सिनेमा निघाला तर तो कुठल्याच मिरवणुकीच्या कामाचा नाही.

शंका म्हणजे अश्रद्धा, असं आपल्या खात्यात कोणाला वाटत असेल तर त्यांना आमच्या देवळात पाठवा. इथे कौल लावतात, म्हणजे मूर्तीला फुलं-पानं चिकटवून देवाला प्रश्न विचारतात. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. मनात शंकाच नसती तर देवाला विचारलं कशाला असतं? आणि 'प्रभात'च्या 'संत तुकाराम'मध्ये (1936) पोर आजारी पडल्यावर जिजाई पायताण घेऊन विठोबाला जाब विचारायला जाते. तिच्या भक्तीबद्दल कोणी प्रमाणपत्र मागितल्याचं ऐकिवात नाही.

मागणं एवढंच: असे सिनेमे मराठी उपशीर्षकांसह तालुक्याच्या नाट्यगृहांत दाखवायची सोय करा, भाडं परवडेल असं ठेवा, आणि खेळ संपल्यावर तासभर दिवे लावून आम्हाला तिथेच बोलू द्या. भांडणं होतील, त्याची तयारी आहे.

हॉल मिळाला तर आपणही या. तिसऱ्या रांगेत खुर्ची धरून ठेवतो. भाषण मात्र कोणाचंच ठेवलेलं नाही.

आपला,
वेंगुर्ल्याचा एक सिनेमावेडा