बिग मस्की ड्रॅगलाइनच्या मॉडेल संचाबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: मॉडेल संच व सोबतचा भिंतीवरील तक्ता सदोष असल्याबाबत

महोदय,

खाणयंत्रांच्या प्रशिक्षणवर्गासाठी आम्ही आपल्याकडून १:२०० प्रमाणातला बिग मस्कीचा मॉडेल संच आणि तक्ता घेतला. बिग मस्की ही ड्रॅगलाइन होती, म्हणजे लांब बूमला (तिरक्या हाताला) दोरांनी टांगलेली बकेट जमिनीवरून ओढत माती खोदणारे महाकाय यंत्र. माहितीपत्रकाप्रमाणे एकेक भाग जोडला, तरी मॉडेल खोदत नाही. बकेट वाळूत ओढली जाते, भरतेही. पण उचलल्याबरोबर तोंड खाली पडून सगळी वाळू जागच्या जागी सांडते.

दोष आकृती ४ मध्ये आहे. तिथे डंप दोराची दोन्ही टोके बकेटच्या तोंडावरच्या कमानीलाच बांधायला सांगितली आहेत. असा बांधलेला दोर काहीच काम करत नाही. होइस्टच्या, म्हणजे वर उचलणाऱ्या, साखळ्या बकेटला मागच्या बाजूस धरतात, त्यामुळे भरलेली बकेट पुढे जड होते. तिचे तोंड वर धरून ठेवणे हे डंप दोराचे काम. त्याचे एक टोक ड्रॅगच्या, म्हणजे बकेट यंत्राकडे ओढणाऱ्या, साखळ्यांच्या पुढच्या जोडाला हवे. तिथून तो होइस्टच्या साखळ्यांना टांगलेल्या छोट्या पुलीवरून फिरून कमानीला यायला हवा. ड्रॅग दोर ताणलेला असतो तोवर कमान वर राहते. बूम फिरवून मातीच्या ढिगावर आणली, ड्रॅग सैल सोडला, की बकेट आपोआप उलटते. ड्रॅगलाइनच्या बकेटला तळाशी उघडणारे दार नसते, ते याच कारणाने. दोर अशा रीतीने ओवून पाहिल्यावर तीच बकेट लगेच नीट चालली. मात्र दोर जास्त लांब ठेवला तर माल पुन्हा सांडतो, म्हणून माहितीपत्रकात त्याची लांबीही छापावी.

संचात फेअरलीड दिलेलेच नाही. ड्रॅग दोर यंत्राच्या पोटात शिरतो तिथे त्याला वळण देणाऱ्या या पुल्या नसल्यामुळे दोर प्लॅस्टिकच्या कडेवर घासतो आणि त्याचे धागे सुटतात.

मापांतली चूक आम्हाला अधिक गंभीर वाटते. बिग मस्कीची बूम ३१० फूट, म्हणजे सुमारे ९४ मीटर होती. १:२०० प्रमाणात ती ४७ सेंटिमीटर यायला हवी. आपली ३१ सेंटिमीटर आहे. बकेट २२० घनयार्डांची, म्हणजे सुमारे १६८ घनमीटरची. मॉडेलमध्ये तिच्यात २१ मिलिलिटर वाळू मावायला हवी. मोजपात्राने मोजली तर २७ ते २८ भरते. घनयार्डांचा आकडा घनमीटरमध्ये न बदलता तसाच घेतला गेला, असे बकेटच्या मापावरून दिसते. बूम आखूड पडली की यंत्राचा मुद्दाच हरवतो. कोळशावरची माती ट्रकमध्ये न भरता, आधीच कोळसा काढून झालेल्या शेजारच्या चरात थेट टाकता यावी, म्हणून तर एवढी लांब बूम. आपल्या संचातल्या खाणीच्या देखाव्यात माती नुकत्याच उघड्या पडलेल्या कोळशावरच येऊन पडते.

शिवाय यंत्राखाली क्रॉलरचे (रणगाड्यासारखे) पट्टे दिले आहेत. बिग मस्की सुमारे १२,००० मेट्रिक टनांचे, पावलांवर चालणारे यंत्र होते. खोदताना ते रुंद गोल बैठकीवर बसे आणि हलायचे असेल तेव्हा दोन्ही बाजूंच्या बुटांवर (मोठ्या सपाट पायांवर) उचलून सरके.

तक्त्याबद्दल थोडक्यात. 'बिग ब्रुटस' ड्रॅगलाइन नाही, स्ट्रिपिंग शॉवेल, म्हणजे कोळशावरची माती काढणारे फावडेयंत्र आहे. कॅन्ससमधले हे ९० घनयार्डी यंत्र १९६३ ते १९७४ पर्यंत चालले. शॉवेल आपल्या पायाच्या पातळीच्या वरचा कडा खोदते, ड्रॅगलाइन खालचा थर. चित्रांत नेमके उलटे दाखवले आहे. बिग मस्की 'आजही ओहायोत कार्यरत' असे छापले आहे. ती १९६९ ते १९९१ चालली आणि १९९९ मध्ये मोडीत निघाली. तिची बकेट तेवढी जतन केली आहे. जर्मनीतल्या बॅगर २८८ या, बकेट लावलेल्या फिरत्या चाकाने खोदणाऱ्या यंत्राच्या चित्रात कन्व्हेयर पट्टाच नाही. हे यंत्र दिवसाला २,४०,००० घनमीटर माल काढू शकते. पट्टा नसेल, तर चाक अखंड फिरत राहून हा माल टाकणार कुठे?

आमची मागणी अशी: योग्य लांबीची बूम, योग्य मापाची बकेट, फेअरलीड, चालण्याचे बूट, दुरुस्त आकृती ४ आणि नवा तक्ता ३० दिवसांत विनामूल्य पाठवावा; ते शक्य नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी. हाच संच घेतलेल्या इतर ग्राहकांनाही दुरुस्तीपत्रक पाठवावे. हे मॉडेल पाहून शिकणारे उद्या खऱ्या यंत्राच्या दोरांजवळ उभे राहणार आहेत.

पावतीची प्रत, मोजमापांची छायाचित्रे आणि डंप दोर योग्य रीतीने ओवल्याची हाताने काढलेली आकृती सोबत जोडली आहे.

आपले,
प्रशिक्षण विभाग