मोजदाद थांबू नये म्हणून : खाडीकाठच्या रहिवाशांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

हिवाळ्यात ठाणे खाडीच्या चिखलावर फ्लेमिंगो उतरले की आपण सगळे मोबाईल घेऊन धावतो. धावावंच, मुंबईत असं दृश्य दुसरं नाही. त्याच खाडीवर पक्ष्यांची मोजदाद करणारी, त्यांच्या पायात कडी घालून माग काढणारी माणसंही असतात. त्यातलं बरंचसं काम १८८३ साली याच शहरात सुरू झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं, सलीम अलींच्या बीएनएचएसचं. या कामासाठी आमचं मंडळ आपल्यापुढे झोळी पसरत आहे.

मोजून होतं काय, असं काहीजण विचारतात. भरतपूरला ऐंशीच्या दशकात बीएनएचएसचे डॉ. विभू प्रकाश यांनी गिधाडांच्या नोंदी करून ठेवल्या होत्या. नव्वदच्या दशकात त्यांनी तिथेच पुन्हा मोजलं, तेव्हा गिधाडं झपाट्याने संपत चालल्याचं उघड झालं. जुने आकडे हाताशी नसते तर कुणाला पटलं असतं? पुढे कारणही सापडलं. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. हरयाणात पिंजोरला बीएनएचएस आणि तिथल्या वनविभागाने गिधाडांचं प्रजनन केंद्र उभं केलं.

आपल्या खाडीचा काही भाग २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. याचा आनंद आहेच. तरी पक्षी वाढले की घटले, हे वर्षानुवर्षांच्या नोंदींशिवाय कळणार नाही. अशा कामाला देणगी मिळणं कठीण, कारण त्यात कापायला फीत नसते आणि नाव कोरायला भिंत नसते.

देणगी आमच्याकडे रोख देऊ नका. धनादेश थेट बीएनएचएसच्या नावे काढा, आम्ही ते एकत्र करून फोर्टमधल्या हॉर्नबिल हाऊसमध्ये पोहोचवू आणि तुमची पावती घरी आणून देऊ. रक्कम कितीही चालेल. सभासद व्हायचं असेल तर अर्ज भरायला मदत करू. कपाटात पडून असलेली दुर्बीण असेल तर ती मंडळाला द्या, जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेला येणाऱ्या मुलांना ती कायम कमी पडते. गणनेला स्वतः यायचं असल्यास मंडळाच्या फलकावर नाव लिहा. भरती-ओहोटी बघून वेळ कळवू. पक्षी ओळखता येत नसले तरी या, नोंदी लिहून घ्यायला माणूस लागतोच.