सुपर बोल छापता, तर ॲलन पेजही छापा

संपादक महोदय, नमस्कार.

फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगची फायनल, झाला की तुमच्या खेळाच्या पानावर एक चौकट ठरलेली असते, तीस सेकंदांच्या जाहिरातीला किती कोटी पडले, हाफटाइमला कोण गायलं, कुठली सेलिब्रिटी कुठल्या बॉक्समध्ये बसली होती. जे खेळले त्यांच्यातलं फार तर जिंकलेल्या टीमच्या क्वार्टरबॅकचं, म्हणजे बॉल फेकून खेळ चालवणाऱ्याचं, नाव. मी बरीच वर्षं मिनेसोटात राहते, सकाळी चहासोबत तुमचा ई-पेपर उघडायची सवय आहे, आणि दर वेळी वाटतं की या खेळातल्या एखाद्या तरी माणसाचं आख्खं आयुष्य कुणीतरी मराठीत लिहावं. कुणी लिहीना म्हणून मीच बसलेय. पत्र लांबलं तर खुशाल कापा, फक्त १९९२ ची कोर्टाची गोष्ट ठेवा.

माणसाचं नाव ॲलन पेज. जन्म १९४५ चा, ओहायो राज्यातल्या कॅन्टनचा, स्टील मिल्सचं गाव. आई गेली तेव्हा हा तेरा वर्षांचा होता. शाळा झाली की मिलमध्ये लागायचं हा तिथल्या पोरांचा सरळ रस्ता, पण याला लहानपणापासून वकील व्हायचं होतं. कारण काही फार थोर नव्हतं हे तो स्वतःच सांगतो, वकील लोक पैसा कमावतात, मोठ्या गाड्या फिरवतात आणि गोल्फ खेळतात एवढंच त्याला लांबून दिसलेलं. त्यात १९५४ ला सुप्रीम कोर्टाने काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, तेव्हा हा आठ-नऊ वर्षांचा, आणि कायद्यात असलीही ताकद असते हे डोक्यात बसलं ते बसलंच. शाळेत असताना पैशासाठी बांधकामावर काम केलं, ते बांधकाम कशाचं, तर कॅन्टनमध्येच उभ्या राहत असलेल्या प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमचं, म्हणजे या खेळातल्या थोर खेळाडूंच्या सन्मानाच्या संग्रहालयाचं. १९८८ मध्ये त्याच इमारतीत याचा अर्धपुतळा बसला. सिनेमात दाखवलं असतं तर आपणच म्हणालो असतो, काहीही दाखवतात.

खेळाचं पटकन सांगते. नोटर डेमकडून कॉलेज फुटबॉल, १९६६ ची नॅशनल चॅम्पियनशिप, १९६७ ला पोलिटिकल सायन्सची डिग्री आणि त्याच वर्षी मिनेसोटा वायकिंग्स या प्रोफेशनल टीमने नव्या खेळाडूंच्या निवडीत पहिल्याच राउंडमध्ये उचलला. जागा डिफेन्सिव्ह टॅकल, म्हणजे समोर उभी असलेली शंभर-सव्वाशे किलोची भिंत फोडायची आणि बॉल फेकायच्या आत क्वार्टरबॅकला आडवा करायचा. वायकिंग्सच्या चौघांच्या फळीला जांभळ्या जर्सीमुळे पर्पल पीपल ईटर्स म्हणायचे. १९७१ ला हा लीगचा एमव्हीपी, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू झाला. हा मान जवळपास नेहमी क्वार्टरबॅक नाहीतर बॉल घेऊन पळणाऱ्याला जातो, डिफेन्समधल्या खेळाडूला तो आजवर दोनदाच मिळालाय, आधी पेज आणि मग १९८६ ला लॉरेन्स टेलर. आणि गंमत बघा, क्वार्टरबॅकला पाडलं की त्याला सॅक म्हणतात, त्याची अधिकृत मोजणी लीगने सुरू केली १९८२ पासून आणि पेज रिटायर झाला १९८१ ला, त्यामुळे जुन्या नोंदी बघून लोकांनी मोजलेले त्याचे सॅक दीडशेच्या आसपास जातात पण लीगच्या अधिकृत खात्यात शून्य! वायकिंग्स त्याच्या काळात चारदा सुपर बोलला पोचले आणि चारही वेळा हरले. इथल्या फॅन्सपुढे हा विषय शक्यतो काढू नये.

आता मला जे सांगायचंय ते. खेळता खेळताच त्याने लॉ करायला घेतलं. पहिल्यांदा एका कॉलेजात नाव घातलं आणि तीन आठवड्यांत सोडून दिलं, जमेना. मग काही वर्षांनी युनिव्हर्सिटी ऑफ मिनेसोटाच्या लॉ स्कूलमध्ये परत सुरुवात, आणि सीझन चालू असताना क्लासेस, केस वाचन, परीक्षा हे सगळं करून १९७८ ला डिग्री. त्यातच खेळाडूंच्या युनियनचा तो वायकिंग्सकडचा प्रतिनिधी, १९७४ च्या संपात पुढे असलेला. त्यातच बायकोने, डायनने, सिगरेट सोडायला म्हणून पळायला सुरुवात केली तर हाही सोबत पळायला लागला आणि इतका पळायला लागला की २४५ पाउंडवरून २२५ च्या आसपास आला. १९७९ ला त्याने मॅरेथॉन पुरी केली, लीगमध्ये खेळत असताना मॅरेथॉन पुरी करणारा तो पहिलाच म्हणतात.

हे टीमला आवडेल का? नाही आवडलं. कोच बड ग्रँट, इथे अजूनही ज्यांचं नाव आदराने घेतात ते, त्यांचं म्हणणं वजन उतरल्यावर हा आता त्या जागेला पुरेसा नाही. १९७८ चा सीझन निम्माही झाला नव्हता आणि अकरा सीझन एकही मॅच न चुकवलेल्या माणसाला सोडून दिलं. म्हणजे ज्या वर्षी वकिलीची डिग्री त्याच वर्षी टीममधून डच्चू. शिकागो बेअर्सनी १०० डॉलर भरून त्याला घेतलं, दुसऱ्या टीमने सोडलेला खेळाडू घ्यायची फी तेवढीच होती, आणि तो पुढे १९८१ पर्यंत तिथे सुरुवातीपासून मैदानात उतरणारा खेळाडू म्हणून खेळला, ते सुद्धा मिनियापोलिसच्या एका लॉ फर्ममध्ये काम करत. आता वजन कमी होतं हे खरंच आहे आणि कोचला मॅच जिंकायच्या असतात, पण मला वाटतं खरी अडचण वेगळी होती, जो माणूस अभ्यास करतो, युनियनमध्ये बोलतो आणि स्वतःच्या मर्जीने पळतो तो हाताखाली ठेवायला कटकटीचा असतो.

तो एक किस्सा बऱ्याचदा सांगतो. वायकिंग्सच्या डिफेन्सची मीटिंग, नवा कोच आलेला, त्याने प्लेबुक, म्हणजे डावपेचांची वही, एकेकाला मोठ्याने वाचायला सांगितलं. काहींना ते वाचताच येईना. ही मोठी माणसं, शाळा पास, वर कॉलेजची चार वर्षं काढून आलेली. शाळेला मॅचसाठी पोरगा हवा होता, कॉलेजला हवा होता, मग क्लबला हवा होता, वाचता येतं का हे मधे कुणी विचारलंच नाही. पेजचं म्हणणं, हा प्रश्न प्रो झाल्यावर सुरू होत नाही, दुसरी-तिसरीतच सुरू होतो. आपल्याकडेही दहावी-बारावीला खेळाडूंना वाढीव क्रीडा गुण मिळतात, मिळावेत, माझा विरोध नाही, पण पोरगं मैदानावर असताना बुडालेले गणिताचे तास कोण भरून देतं हेही कधीतरी छापा की.

म्हणून १९८८ ला हॉल ऑफ फेममध्ये आपली ओळख करून द्यायला त्याने कोच किंवा जुना टीममेट नाही बोलावला, मिनियापोलिसच्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापिका विलरीन बीझली यांना बोलावलं आणि स्वतःचं भाषण पण शिक्षणावर केलं. फुटबॉल ऐकायला आलेल्या गर्दीला काय वाटलं असेल देव जाणे. त्याच वर्षी पेज एज्युकेशन फाउंडेशन सुरू झालं, मिनेसोटातल्या गोरेतर मुलांना कॉलेजसाठी मदत, आणि बदल्यात त्यांनी लहान शाळकरी मुलांना शिकवायचं ही अट. मला ही अट फार आवडते, नुसता चेक देऊन फोटो काढणं नाही.

आता १९९२. तोपर्यंत तो राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या ऑफिसात काम करत होता आणि त्याला राज्याच्या सुप्रीम कोर्टावर जायचं होतं. मिनेसोटात जज निवडून येतात, पण ते कागदावर, प्रत्यक्षात जुने जज मुदतीच्या मधेच रिटायर होतात, गव्हर्नर आपल्या पसंतीचा नेमतो आणि पुढच्या निवडणुकीत तो आधीच खुर्चीत बसलेला असतो. त्या वर्षी एका जागेची निवडणूक होणार होती तर गव्हर्नर आर्नी कार्लसन यांनी तिथल्या जजची मुदतच वाढवली, पेन्शनचं कारण देऊन, म्हणजे निवडणूकच रद्द. दुसरा कुणी असता तर पुढच्या वेळी बघू म्हणाला असता. पेज सरळ गव्हर्नरविरुद्ध कोर्टात गेला! आता केस ऐकणार कोण, कारण वाद त्याच सुप्रीम कोर्टाच्या खुर्चीचा. बसलेले जज बाजूला झाले, खास या केससाठी दुसऱ्या जजचं बेंच बसलं आणि निकाल पेजच्या बाजूने लागला. निवडणूक झाली, तो निवडून आला आणि जानेवारी १९९३ मध्ये मिनेसोटा सुप्रीम कोर्टाचा पहिला काळा न्यायाधीश झाला. नंतर १९९८, २००४ आणि २०१० ला परत निवडून आला आणि २०१५ ला सत्तरी झाली तशी नियमाने खुर्ची सोडली. बो टाय लावलेला, शांत बोलणारा, आणि एका हाताची करंगळी मैदानावर इतक्यांदा निखळलेली की ती काटकोनात बाहेर जाते. लहान मुलं आधी त्याबद्दलच विचारतात म्हणून त्याने मुलीसोबत त्या करंगळीवर मुलांचं पुस्तकच लिहून टाकलं.

इथे दक्षिण मिनियापोलिसमध्ये एका शाळेला आता त्याचं नाव आहे. आधी नाव होतं गव्हर्नर रॅमसीचं, ज्याने १८६२ मध्ये इथल्या मूळच्या डकोटा लोकांना संपवा नाहीतर राज्याबाहेर हाकला असं जाहीर म्हटलं होतं. नाव बदला म्हणून मागे लागले ते त्या शाळेचे विद्यार्थी, आणि २०१७ ला नाव बदललं. २०१८ ला पेजला राष्ट्राध्यक्षांकडून मेडल ऑफ फ्रीडम, म्हणजे अमेरिकेतला सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला, पण तो घ्यायला डायन नव्हती, दीड महिना आधीच गेली. दोघांनी मिळून अनेक वर्षं गुलामगिरीच्या आणि वर्णभेदाच्या काळातल्या वस्तू, "कलर्ड" लिहिलेल्या पाट्या वगैरे जमवल्या होत्या, त्याच वर्षी त्यांचं प्रदर्शन मिनियापोलिसच्या लायब्ररीत भरलं होतं.

आणि माणूस अजून गप्प बसलेला नाही. २०२० मध्ये त्याने नील काशकारी यांच्यासोबत, हे मिनियापोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या इथल्या शाखेचे प्रेसिडेंट, आईवडील मूळ काश्मीरचे, एक प्रस्ताव मांडला की चांगलं शिक्षण हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे असं राज्याच्या घटनेतच लिहा, म्हणजे शाळा चांगली नसेल तर पालकाला कोर्टात जाता येईल. शिक्षकांच्या संघटनेचा विरोध आहे, त्यांचं म्हणणं यातून सरकारी शाळांचा पैसा खाजगी शाळांकडे वळेल, आणि ते म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं मला तरी वाटत नाही. पण त्यावर इथे वाद होतोय, आणि तो सुरू केलाय एका माजी डिफेन्सिव्ह टॅकलने, एवढं तरी तुमच्या खेळाच्या पानावर येऊ द्या. हाफटाइमच्या गायिकेचा फोटो थोडा लहान छापला तरी जागा होईल.

आपली एक वाचक,
मिनेसोटा