इंजेक्शनआधीच्या गोळ्या

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, इंजेक्शन द्यायचंच होतं तर आधी आठवडाभर गोळ्या कशाला? आई शेजारी होती, म्हणून मी विषय बदलला.

प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर, म्हणजे पुरुषी हार्मोनवर पोसतो. 1941 मध्ये सर्जन चार्ल्स हगिन्स यांनी ते दाखवून दिलं, 1966 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांचा उपाय सरळ होता, ते बनवणारी वृषणं काढून टाकायची. आता तेच काम तीन महिन्यांतून एकदा टोचलेलं ल्युप्रोलाइड करतं, आणि त्याची तऱ्हा भलतीच आहे. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची मटारच्या दाण्याएवढी ग्रंथी असते. तिला वरून थांबून थांबून निरोप येतो, मग ती वृषणांना कामाला लावते. औषध हा निरोप अडवत नाही, उलट तोच अखंड देत राहतं. दारावरची बेल कुणी दाबूनच धरली तर आपण शेवटी उठायचं सोडतो ना, तसं. तीन-चार आठवड्यांत कारखाना बंद.

पण त्याआधी काही दिवस टेस्टोस्टेरॉन उसळतं. माझ्या मणक्यात गाठी आहेत. तिथे जरा सूज वाढली तरी मज्जारज्जू दाबला जाऊ शकतो. म्हणून बायकॅल्युटामाइड. पेशीत टेस्टोस्टेरॉनची जी जागा असते, तिथे ही गोळी आधीच ठाण मांडून बसते.

यानं रोग मुळातून जात नाही, आवरला जातो. अ‍ॅड्रिनल ग्रंथीही थोडं इंधन पुरवतात, आणि कॅन्सर पुढेमागे तेवढ्यावर भागवायला शिकतो. मग अ‍ॅबिराटेरोन, एन्झाल्युटामाइड वगैरे पुढची औषधं. तूर्तास पीएसए, म्हणजे रक्तातलं प्रोस्टेटचं प्रथिन, ज्यावरून रोगाचा अंदाज घेतात, 86 वरून 3 वर आलाय.

त्रास म्हणशील तर अंगातून वाफा निघतात. काल रात्री पंखा पाचवर, तरी बनियन पिळून घेतलं, आणि दहा मिनिटांत चादर ओढली. आईनं मुकाट्यानं टॉवेल दिला. पन्नाशीत तिला हेच व्हायचं तेव्हा मी "काहीतरीच तुझं" म्हणायचो. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं. आणखीही एक गोष्ट जाते, ती तू समजून घे. हाडं ठिसूळ होतात म्हणून कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रोजचं चालणं.

आता तुझं. वडिलांना हा आजार असला की मुलाला धोका साधारण दुप्पट असतो. चाळिशी उलटली की डॉक्टरांशी पीएसएबद्दल बोल. माझ्यासारखं कंबरदुखीवर मलम चोळत बसू नकोस.

तुझा,
बाबा